मानवतची गोष्ट कोणी सांगितली?

लातूरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या आमच्या मित्राला दहावीच्या वर्गात एका मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकाआड दडवलेले दुसरेच पुस्तक सापडले. ते गाजलेल्या खून खटल्यांचे होते. मुलगा हुशार, भरपूर वाचणारा. मित्राने पुस्तक काढून घेतले, पण मुलाला रागावला नाही. त्याचे कारण त्याने आम्हांला नंतर सांगितले : त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून त्याने स्वतःच ते पुस्तक संपवले होते. मग त्याने विचारले, “असली पुस्तके मुलांनी वाचावीत का? आणि आपण तरी ती का वाचतो?”

आम्ही म्हणजे नांदेड आणि लातूर येथे राहणारे सहा-सात जण. बहुतेक शिक्षक, एक वकील आणि एक प्रयोगशाळेत संशोधन करणारा. महिन्यातून एकदा कधी नांदेडला, कधी लातूरला जमायचे आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचे, असा आमचा शिरस्ता आहे. मित्राचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. पुढचे काही महिने आम्ही खुनांचीच पुस्तके वाचली. त्या वाचनातून आमच्या हाती काय लागले, ते येथे मांडत आहोत.

घराजवळची घटना

सुरुवात कोठून करायची हे ठरवायला वेळ लागला नाही. नांदेडहून मनमाडकडे जाणारी गाडी परभणी सोडून सेलूकडे निघाली की वाटेत मानवत रोड हे स्थानक लागते. याच मानवत गावात नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. मारल्या गेलेल्यांमध्ये बहुतेक लहान मुली आणि स्त्रिया होत्या. एक तान्हे मूलही होते.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात आजही नुसत्या ‘बहात्तर’ या शब्दाने ओळखला जातो. घरातील धडधाकट माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर जात. पाणी, सरपण, शेण यांसाठी गरिबांघरच्या लहान मुली एकट्यादुकट्या रानात फिरत. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ मित्र तेव्हा तिसरीत होता. त्याचे गाव मानवतपासून बरेच दूर, तरीही संध्याकाळी दिवेलागणीनंतर आई त्याला ओट्याखाली उतरू देत नसे.

तपास पुढे मुंबईच्या गुन्हे शाखेतील नामांकित अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. १९६८ मध्ये मुंबईत रामन राघवला पकडले गेले, त्या तपासाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. निवृत्तीनंतर त्यांनी ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले; त्यात मानवतची हकीकत आहे. या पुस्तकाच्या आधारे २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. त्याच्या खूप आधी, १९८१ साली, याच घटनांवर अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ हा चित्रपट केला होता. थोडक्यात, मानवतची गोष्ट अर्धशतकभर पुन्हा पुन्हा सांगितली जात आहे.

अपयश न मानणारा तर्क

सरकार पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे होते : एका वाड्यात पिंपळाखाली गुप्तधन आहे, ते मिळावे आणि मूल व्हावे, यासाठी पिंपळावरच्या मुंजाला संतुष्ट करायचे, आणि त्यासाठी बळी द्यायचे. हे खून त्यासाठी झाले.

वाचताना अंगावर काटा येतो, यात नवल नाही. पण काटा ओसरल्यावर आमच्यातील एका विज्ञानाच्या शिक्षिकेने साधा प्रश्न विचारला. “पहिल्या बळीनंतर धन सापडले नाही. मग तेथेच का थांबले नाहीत?”

याचे उत्तर भयंकर आहे, पण समजून घेण्यासारखे आहे. बळी दिला आणि धन मिळाले नाही, तर दोन निष्कर्ष निघू शकतात. एक, बळी दिल्याने धन मिळते ही समजूतच खोटी आहे. दुसरा, बळी अपुरा पडला, विधीत काहीतरी चुकले, आणखी एक हवा. ज्याची श्रद्धा पक्की आहे, तो दरवेळी दुसराच निष्कर्ष काढतो. मग प्रत्येक अपयश समजुतीला धक्का देण्याऐवजी तिला बळच देते. नवस फेडूनही काम झाले नाही, की आपण ‘कोठेतरी चुकले असेल’ म्हणतो. त्याच तर्काचे हे टोकाचे रूप आहे.

वैज्ञानिक विधान आणि असली समजूत यांत फरक एवढाच, की विज्ञानातील विधान मांडतानाच ते कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल हे सांगावे लागते. आपण वर्गात ही गोष्ट लिटमसच्या कागदावर शिकवतो. मानवतच्या हकीकतीत तीच गोष्ट दहा प्रेतांवर शिकायला मिळते. महाराष्ट्राने नरबळी आणि जादूटोण्याच्या विरोधात स्वतंत्र कायदा केला, तो २०१३ च्या डिसेंबरमध्ये. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला होता.

नळदुर्गचा साहेब आणि ठगाची जबानी

आता थोडे मागे जाऊ. खुनाच्या पुस्तकांचे वेड आजचे नाही आणि त्यांतील एका फार जुन्या पुस्तकाचा लेखक आपल्याच मुलखात राहिलेला आहे. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

हा इंग्रज पोरवयात हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या नोकरीत शिरला. १८५३ साली निजामाने काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. लातूरकरांना नळदुर्ग अपरिचित नाही. तुळजापूरला जाऊन आलेला माणूस तो किल्लाही पाहून येतोच. त्याआधी, १८३९ साली, टेलरने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली होती. अमीर अली नावाचा ठग आपण केलेल्या खुनांची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतो, अशी तिची रचना आहे. इंग्लंडमध्ये ती अतोनात खपली.

हा अमीर अली कोण? तो शिक्षेतून सूट मिळवून साथीदारांविरुद्ध जबानी देणारा, म्हणजे माफीचा साक्षीदार आहे. त्या काळी विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली ठगांविरुद्ध मोठी मोहीम चालू होती आणि तिचा मुख्य आधार असल्या साक्षीदारांच्या जबान्याच होत्या. एक ठग पकडायचा, त्याला जीवदान द्यायचे, त्याने इतरांची नावे सांगायची. १८३६ च्या कायद्याने तर अमुक खून केला हे सिद्ध होण्याचीही गरज ठेवली नाही. माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले, की जन्मठेप.

वाटमारी करणाऱ्या टोळ्या होत्या आणि त्यांनी प्रवाशांचे गळे आवळले, यात शंका नाही. पण सारे ठग एका धर्मवेड्या, देशभर पसरलेल्या पंथाचे होते, हे जे चित्र टेलर आणि स्लीमन यांच्या पुस्तकांतून जगभर गेले, त्याविषयी आजचे इतिहासकार शंका घेतात. कारण उघड आहे. ज्याचा जीव त्याच्या गोष्टीवर अवलंबून आहे, तो साहेबाला हवी तशी गोष्ट सांगणार. पुढे तीच गोष्ट पुस्तकात छापली जाते आणि पुस्तक पुरावा म्हणून दाखवले जाते.

माफीच्या साक्षीदाराची अडचण

मानवतच्या खटल्यातही माफीचे साक्षीदार होते, कबुलीजबाबही होते. खटला परभणीच्या सत्र न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ एप्रिल १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. तो लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड पुढच्याच वर्षी देशाचे सरन्यायाधीश झाले.

आमच्या वकील मित्राने या निकालाची प्रत आणली, तेव्हा आम्ही जरा नाखूशच होतो. कुलकर्णींचे पुस्तक एका बैठकीत वाचून झाले होते. निकाल रूक्ष वाटला. पण दोन बैठकांनंतर आमचे मत बदलले. खुनाच्या पुस्तकांत आम्ही वाचलेले सर्वांत चांगले लेखन हेच, असे आज आम्ही म्हणू.

१८७२ च्या पुरावा कायद्यात दोन कलमे होती. कलम १३३ सांगे, की गुन्ह्यातील साथीदार हा साक्षीदार होऊ शकतो आणि त्याच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती केवळ तेवढ्याने बेकायदा ठरत नाही. कलम ११४ मधील एक उदाहरण सांगे, की साथीदाराची साक्ष महत्त्वाच्या बाबींत दुजोरा मिळाल्याशिवाय विश्वासार्ह नाही, असे न्यायालय धरून चालू शकते. वरवर पाहता ही दोन विधाने एकमेकांविरुद्ध वाटतात. न्यायालयाने ती जुळवून दाखवली. एक कायद्याचे कलम आहे, दुसरी शहाणपणाची रीत आहे. आणि न्यायाधीशाने ही रीत सहसा सोडू नये. दुजोराही कसला हवा? गुन्हा घडला एवढे पुरत नाही. या आरोपीचा त्या गुन्ह्याशी संबंध दाखवणारा, साक्षीदाराच्या तोंडापलीकडचा, स्वतंत्र पुरावा हवा.

कबुलीजबाब नोंदवताना कायद्याने सांगितलेली काळजी नीट घेतली गेली नव्हती, यावरही न्यायालयाने बोट ठेवले. पोलिसांना बळाचा वापर करण्याचा मोह होतो आणि तो वेळीच आवरला पाहिजे, असेही बजावले. हे सर्व अशा खटल्यात, ज्यात दोषींना शिक्षा व्हावी असे प्रत्येकाला वाटत होते. काही आरोपींचा दोष कायम झाला. पण कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता, ते वरच्या न्यायालयांत पुराव्याअभावी सुटले.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्यातील साथीदाराविषयीच्या कलमात एक लहानसा बदल आहे : शिक्षेसाठी आता दुजोरा मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे. शहाणपणाची रीत कलमात उतरायला दीडशे वर्षे लागली.

रक्ताचा डाग काय सांगतो?

स्वतंत्र पुरावा म्हटले, की आपल्याला प्रयोगशाळा आठवते. येथेही पुस्तके थोडी घाई करतात. ‘कपड्यावर रक्त सापडले’ असे वाक्य येते आणि वाचक आरोपीला दोषी ठरवून मोकळा होतो.

१९०१ साली जर्मनीत पॉल उलेनहूट या शास्त्रज्ञाने एक चाचणी शोधली. सशाच्या शरीरात माणसाच्या रक्तातील प्रथिने टोचली, की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्या सशाच्या रक्तद्रवात माणसाच्या रक्ताचा अंश मिसळला, की साका धरतो. मेंढीचे रक्त मिसळले तर धरत नाही. त्याच वर्षी र्‍यूगेन बेटावर दोन लहान भावांचा खून झाला. संशयित सुतार लुडविग टेसनोव म्हणाला, “कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत.” उलेनहूटने डाग तपासले. काही मेंढीच्या रक्ताचे निघाले, काही माणसाच्या.

त्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले. पुढची अनेक दशके, १९७० च्या दशकातही, प्रयोगशाळा एवढेच सांगू शकत : डाग रक्ताचा आहे का, माणसाचा आहे का, आणि कोणत्या गटाचा आहे. आता हिशेब करा. भारतात सुमारे एकतृतीयांश लोक ‘बी’ गटाचे आहेत. आरोपीच्या कपड्यावर ‘बी’ गटाचे रक्त सापडले आणि मृत व्यक्तीही ‘बी’ गटाची होती, तर साठ मुलांच्या वर्गात असे वीस जण सापडतील. गट जुळला नाही तर संबंध तुटतो, हे पक्के. जुळला तर मात्र फक्त ‘शक्य आहे’ एवढेच म्हणता येते. नाकारण्याची ताकद मोठी आणि सिद्ध करण्याची लहान, हा पुराव्याचा स्वभाव विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

१९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएच्या ठशांचे तंत्र शोधले. जवळच्याच खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पोलिसांना वाटले, पहिलाही त्यानेच केला असणार. डीएनए तपासून पक्के करावे. चाचणीने सांगितले, की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे, पण तो माणूस हा मुलगा नव्हे. या तंत्राने गुन्हेगार पकडला जाण्याआधी कबुली दिलेला एक निर्दोष मुलगा सुटला. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याला १९८८ मध्ये शिक्षा झाली. जोसेफ वॉमबॉ यांचे ‘द ब्लडिंग’ हे पुस्तक याच प्रकरणावर आहे.

न केलेल्या खुनाची कबुली माणूस का देतो? भीतीने, थकव्याने, समोरच्याला खूश करण्यासाठी. अमीर अलीच्या गोष्टीशी हे ताडून पाहावे.

आमचीच परीक्षा

आता एक कबुली आमची. मानवतच्या निकालात ‘ते दोघे सुटले’ या ओळीपाशी आम्ही आलो, तेव्हा खोलीत सर्वांचीच प्रतिक्रिया एक होती. “सुटले? म्हणजे नक्कीच काहीतरी ‘मॅनेज’ झाले असणार.” आमच्या हाती असे म्हणायला कणभरही आधार नव्हता. आम्ही पुस्तक वाचले होते, पडद्यावर चेहरे पाहिले होते, आणि गोष्ट आमच्या मनात पूर्ण झाली होती.

मग आमच्याच लक्षात आले, की हा तर तोच तर्क. दोषी ठरले असते, तर आम्ही म्हटले असते ‘बघा, होतेच दोषी’. सुटले, तर म्हणतो ‘बघा, किती पोचलेले!’ काहीही घडले तरी आमचे मत खरेच. धन सापडले नाही तर बळी कमी पडला, असे म्हणणाऱ्याहून या एका बाबतीत आम्ही कोठे वेगळे होतो?

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मित्राला याची लाज इतरांपेक्षा जास्त वाटली. हवे ते उत्तर येईपर्यंत मोजमाप पुन्हा पुन्हा करण्याचा मोह त्याच्या रोजच्या परिचयाचा आहे आणि तो टाळण्याचेच त्याला शिक्षण मिळालेले आहे. तरीही खुनाच्या पुस्तकापुढे ते शिक्षण तासाभरात गळून पडले. सुटलेली माणसे निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाले नाही, एवढ्यावर थांबायला आम्ही शिकलो. ते फार कठीण आहे, कारण दहा जीव गेलेले असतात आणि मन कोणाला तरी धरू पाहते.

पुस्तक परत द्यावे का?

आमच्या मित्राने पुस्तक मुलाला परत दिले. मात्र आत एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर चार प्रश्न होते :

हे कोण सांगत आहे? पोलीस, गुन्हेगार, पत्रकार की न्यायाधीश?
त्याला हे कसे कळले? पाहिले, ऐकले, की तर्काने ठरवले?
ही गोष्ट खोटी असती, तर ते कळायला काही मार्ग होता का?
पुस्तक मिटल्यावर तुला कोणाचे नाव आठवते?

शिक्षकांना आमची विनंती, की हे प्रश्न खुनाच्या पुस्तकांपुरते ठेवू नयेत. बखरीतील लढाई, वर्तमानपत्रातील बातमी, मोबाइलवर फिरणारी मुले पळवणाऱ्यांची अफवा, सर्वांना ते लागू पडतात. नांदेडला आता न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिच्याविषयी मुलांशी जरूर बोलावे. पण तेथे जे घडते त्याचा गाभा शिकवायला उपकरणे लागत नाहीत. वर्गातल्या मुलांचे रक्तगट फळ्यावर लिहिले आणि ‘डाग बी गटाचा आहे’ असे सांगितले, तरी पुरते.

चिठ्ठीतल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाने वहीच्या पानावर नेटकी लिहून आणली. चौथ्याखाली त्याने खुन्यांची आणि तपास अधिकाऱ्यांची नावे लिहिली होती आणि शेवटी एक ओळ : “सर, मेलेल्या मुली कोणत्या वर्गात होत्या, ते पुस्तकात कोठेच नाही.”

आम्हीही पुन्हा चाळून पाहिले. खरेच, नाही.